डिस्ने वर्ल्ड: पहिल्या दिवशी विमानतळावरून थेट पार्कात जावं का?

खारूताई
मंडळी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ऑरलँडोला चाललोय, सगळेच पहिल्यांदा. एका गोष्टीवर घरात एकमत होत नाहीये म्हणून हा धागा काढतेय. आम्ही सहा जण. आम्ही दोघं, मुलगा ७ वर्षांचा, मुलगी साडेतीन, आणि सासू-सासरे, ते भारतातून येऊन जेमतेम चार दिवस झालेले असतील. आर्ट ऑफ ॲनिमेशन या डिस्नेच्याच हॉटेलात फॅमिली स्वीट घेतलाय कारण तिथे सहा जण एकाच खोलीत मावतात. ४ दिवसांची तिकिटं घ्यायची ठरलंय, अजून काढली नाहीयेत.

विमान शनिवारी सकाळी ११ ला उतरतं. नवऱ्याचं म्हणणं असं की सामान हॉटेलवर टाकायचं, १ वाजेपर्यंत मॅजिक किंगडम (डिस्नेचं किल्ला असलेलं पार्क) गाठायचं आणि रात्रीची आतषबाजी बघूनच परतायचं, एवढ्या लांब जाऊन अख्खा दिवस खोलीत कशाला घालवायचा. त्याने अर्ध्या अर्ध्या तासाचं एक्सेल केलंय आणि खरंच फार मन लावून केलंय, पण मला ते बघून पोटात गोळा येतोय. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या ते कधीच बोलून दाखवत नाहीत. सासऱ्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन बरोबर ठेवावं लागेल. लेक दुपारी झोपली नाही तर संध्याकाळी ती कोणाचीच नसते.

तर पहिला दिवस कसा लावावा? जाऊन आलेल्यांनी मनमोकळं सांगा.

रानवाटा
नका जाऊ. आम्ही दोनदा गेलोय, पहिल्यांदा तुमच्या यजमानांसारखाच प्लॅन होता म्हणून कळकळीने सांगतोय.

११ ला विमान उतरतं म्हणजे ११ ला तुम्ही मोकळे होत नाही. सहा जण उतरून, बाथरूमला जाऊन, बॅगा घेऊन बाहेर येईपर्यंत १२ वाजतात. विमानतळावरून डिस्नेच्या हॉटेलांना जी फुकट बस होती ती २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली, आता पैसे भरून शटल घ्या नाहीतर मोठी टॅक्सी. हॉटेलला पोचायला १ वाजून जातो, खोली ३ च्या आधी मिळेलच असं नाही, बॅगा बेल सर्व्हिसेसकडे ठेवता येतात ते ठीक आहे, पण मग जेवण, मग पार्कची बस, मग सिक्युरिटी. आम्ही आत पाय ठेवला तेव्हा ३ वाजायला आले होते. आणि जूनमध्ये फ्लोरिडात दुपारी ३ म्हणजे सगळ्यात वाईट वेळ, ऊन तळपतंय, सगळ्या रांगा फुगलेल्या, आणि बरेचदा त्याच सुमाराला वीज-पाऊस येतो आणि उघड्यावरच्या राईड बंद होतात. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, ती किल्ल्यासमोर बसून रडली, तिला काही नको होतं, फक्त झोप हवी होती. तो फोटो अजून आहे माझ्याकडे आणि मला तो बघवत नाही.

एका दिवसाचं मोठ्या माणसाचं तिकीट १०० डॉलरच्या पुढेच असतं. तुमच्यात साडेतीन वर्षांच्या मुलीलाही तिकीट लागणार, कारण ३ वर्षांच्या आतलेच फुकट. सहा तिकिटांचा एक दिवस अर्ध्या दुपारीसाठी खर्च करू नका.

दहा_वाजताचं_ऊन
रानवाटा +१. आणि खारूताई एक महत्त्वाचं, ४ दिवसांचं तिकीट सलग ४ दिवस वापरावं लागत नाही, सुरुवातीच्या तारखेपासून ७ दिवसांत कधीही ४ दिवस वापरता येतं. म्हणजे रविवारपासूनचं तिकीट काढा, शनिवार तिकिटाच्या बाहेर ठेवा, मध्ये एक दिवस आरामालाही मिळेल. तिकिटं अजून काढली नाहीत हे फार बरं झालं.

मोरपीस
मी थोडं वेगळं मत मांडते. आम्ही पोचल्याच संध्याकाळी गेलो होतो आणि आमच्या अख्ख्या सुट्टीतली ती सगळ्यात सुंदर संध्याकाळ होती. ५ नंतर गेलो, एकही राईड करायची नाही असं आधीच ठरवलं होतं, मेन स्ट्रीटवर दिवे लागताना बघितलं, अंधार पडल्यावर किल्ला उजळला तेव्हा मुलगा माझा हात घट्ट धरून नुसता बघत राहिला. काही बोललाच नाही. ते मला कुठल्याही राईडपेक्षा मोलाचं वाटतं.

पण हेही खरं की आम्ही तिघंच होतो, मुलगा ९ वर्षांचा, विमान दोन तासांचं, आणि तिकीट ६ दिवसांचं होतं त्यामुळे एक दिवस असा वापरणं परवडलं. जूनमध्ये अंधार पडायलाच साडेआठ-नऊ होतात हे लक्षात ठेवा, आतषबाजी त्याच्याही नंतर. साडेतीन वर्षांच्या मुलीला पहिल्याच रात्री अकराला झोपवलंत तर दुसरा दिवस गेला.

खारूताई
मोरपीस, वाचून डोळ्यात पाणी आलं, नवऱ्याच्या मनात हेच आहे, त्याला मुलांचे चेहरे बघायचेत. पण तिकिटाचे ७ दिवस आम्हाला माहीतच नव्हते!! हे आज रात्री त्याला सांगते.

मग शनिवारी करायचं काय? नुसतं खोलीत बसलो तर मुलं घर डोक्यावर घेतील.

गोगलगाय
आर्ट ऑफ ॲनिमेशन मध्ये राहताय आणि काय करायचं विचारताय? अहो तिथला बिग ब्लू पूल डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांमधला सगळ्यात मोठा पूल आहे आणि पाण्याखाली डोकं घातलं की स्पीकरवरचं संगीत ऐकू येतं. आमची पोरं दर दोन मिनिटांनी बुडी मारून कोणतं गाणं लागलंय ते सांगत होती. पोहायचे कपडे आणि टॉवेल हँडबॅगेतच वरती ठेवा, म्हणजे खोली मिळाली नसली तरी पूल वापरता येतो. याच एका गोष्टीने तुमची शनिवारची दुपार सुटते.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर स्कायलायनर. रोपवेसारखे पाळणे असतात, तुमच्या हॉटेलच्या तळ्यावरच स्टेशन आहे, तिकीट नाही, पैसे नाहीत. एका पाळण्यात १० जण बसतात म्हणजे तुम्ही सहा जण आणि स्ट्रोलर आरामात. कॅरिबियन बीचला उतरून दुसरी लाईन घ्यायची, ती एपकॉट पार्कच्या मागच्या दाराशी नेते, तिथून बोर्डवॉक पाच-सात मिनिटं चालत. तळ्याच्या काठाने फिरा, आईस्क्रीम खा, अंधार पडायच्या आत परत. आजी-आजोबांना वरून सगळा परिसर दिसतो, चालणं नावाला. फक्त वीज चमकायला लागली की स्कायलायनर थांबवतात, तेव्हा आकाश बघून निघा.

निळी_छत्री
डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना चेक-इनच्या दिवशी वॉटर पार्क फुकट, ही सोय २०२५ पासून सुरू झालीय. तुमच्या तारखांना चालू आहे का ते ॲपमध्ये बघा. पण गुडघे दुखणारी आजी आणि विमानातून उतरलेली साडेतीन वर्षांची मुलगी धरून मी तरी हॉटेलचा पूलच म्हणेन.

रानवाटा
मुलांना अगदीच काहीतरी डिस्ने-डिस्ने हवं असेल तर डिस्ने स्प्रिंग्ज आहे, दुकानं आणि खाणं, आत जायला तिकीट नाही. पण शनिवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, मी टाळेन.

चौथा_मजला
माझा मुद्दा वेगळा आहे. पहिला दिवस कुठला हे ठरलं, पण पहिलं पार्क कुठलं? सगळे डोळे मिटून मॅजिक किंगडम म्हणतात. आम्ही ॲनिमल किंगडमने सुरुवात केली होती, ते सकाळी लवकर उघडतं, झाडी भरपूर, सफारीच्या गाडीत बसल्या बसल्या जिराफ हत्ती दिसतात, आजी-आजोबांना फार आवडतं आणि मुलांना गर्दीची सवय हळूहळू होते. मॅजिक किंगडम शेवटी ठेवलं म्हणजे चढत्या क्रमाने मजा. पहिल्याच दिवशी सगळ्यात मोठं दाखवलं की नंतरचं फिकं वाटतं.

मोरपीस
चौथा मजला, मोठ्या मुलांसाठी पटतं. पण साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी मी मॅजिक किंगडमच आधी म्हणेन, कारण उंचीची अट नसलेल्या राईड सगळ्यात जास्त तिथेच आहेत, पीटर पॅन, डम्बो, इट्स अ स्मॉल वर्ल्ड, विनी द पू, जंगल क्रूझ, पायरेट्स, हाँटेड मॅन्शन, कॅरोसेल. यातल्या बहुतेकांत सगळे सहा जण एकत्र बसू शकता, तेही पहिल्या दिवशी, जेव्हा सगळे ताजेतवाने असतात. शेवटच्या दिवसापर्यंत कोणाचे तरी पाय गेलेले असतात, कोणाला तरी सर्दी झालेली असते, आणि मग सहापैकी तिघंच जातात. ज्या पार्कात सगळं कुटुंब एकत्र बसतं ते आधी करावं असं माझं ठाम मत आहे.

पाच_फूट_दोन
उंचीचा विषय निघालाच आहे तर, खारूताई, आज घरी दोन्ही मुलांची उंची मोजा, बूट घालून, कारण तिथे बूट घालूनच मोजतात. ट्रॉनला १२२ सेमी लागते, स्पेस माउंटनला ११२, टियाना'ज बायू ॲडव्हेंचरला १०२, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ९७, बार्नस्टॉर्मरला ८९. मोजून झालं की मुलांना घरीच सांगा, तू यात बसू शकतोस, यात अजून नाही. माझ्या भाच्याला ट्रॉनच्या दारात पट्टीखाली उभं केल्यावर कळलं की आपण बसत नाही, तोवर तो महिनाभर त्या एकाच राईडचे व्हिडिओ बघत होता. त्या पोराचं तोंड मी विसरू शकत नाही. तिथली माणसं एक सेमीसुद्धा सोडत नाहीत आणि ते बरोबरच आहे, जिवाचा प्रश्न आहे.

खारूताई
आत्ताच मोजलं. मुलगा ११६, मुलगी ९४. म्हणजे ट्रॉन गेलं, आणि मुलीची माइन ट्रेन ३ सेमीने गेली :( मुलाला सांगितलं, तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला स्पेस माउंटन दोनदा करूया.

पाच_फूट_दोन
करता येईल! रायडर स्विच विचारा. राईडच्या दारातल्या कास्ट मेंबरला (म्हणजे डिस्नेच्या कर्मचाऱ्याला) सांगायचं की एक लहान आहे जिची उंची बसत नाही. आधी तुम्ही मुलाला घेऊन जा, यजमान लेकीबरोबर थांबतील, तुम्ही बाहेर आलात की ते लायटनिंग लेनने (एरवी पैसे भरून मिळते ती छोटी रांग) आत जातील, पुन्हा अख्खी रांग नाही, आणि बरोबर मुलालाही परत नेता येतं. म्हणजे त्याची दोन वेळा होते, तीही फुकटात.

दहा_वाजताचं_ऊन
लायटनिंग लेनचं थोडक्यात. जुना फास्टपास गेला, मग जीनी प्लस आलं, जुलै २०२४ पासून त्याचं नाव लायटनिंग लेन मल्टी पास. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्काम सुरू व्हायच्या ७ दिवस आधी सकाळी ७ वाजता, ईस्टर्न टाइमने, बुकिंग उघडतं आणि अख्ख्या मुक्कामाचं एकदम करता येतं. बाहेर राहणाऱ्यांना ३ दिवस आधी. तीन राईड आधी निवडता येतात, पार्कात गेल्यावर एक वापरली की पुढची घ्यायची. पैसे लागतात आणि तारखेप्रमाणे बदलतात.

माझं मत, चारही दिवस घेऊ नका, मॅजिक किंगडमच्या दिवशी घ्या. त्यात पीटर पॅन नक्की टाका, ती छोटीशी राईड आहे पण तिची रांग दिवसभर हलत नाही.

आणि हॉटेलवाल्यांना सगळ्या पार्कात अर्धा तास आधी सोडतात, मॅजिक किंगडममध्ये त्या वेळात फँटसीलँड आणि टुमॉरोलँड उघडे असतात. पार्क ९ ला उघडणार असेल तर ८:३० ला आत, म्हणजे ८ च्या आधी दाराशी, म्हणजे हॉटेलच्या स्टॉपवर ७:१५ ला. हॉटेलची बस थेट मॅजिक किंगडमच्या दाराशी सोडते. स्वतःच्या गाडीने गेलात तर पार्किंग तळ्याच्या पलीकडे आहे, मग फेरीबोट नाहीतर मोनोरेल, त्यात अर्धा-पाऊण तास जातो. तेव्हा भाड्याची गाडी असली तरी त्या दिवशी बसनेच जा.

गोगलगाय
सव्वासातला साडेतीन वर्षांची आणि सत्तरीचे दोघं तयार होतील का पण?

दहा_वाजताचं_ऊन
सत्तरीचे दोघं सगळ्यात आधी तयार होतील. भारत आणि फ्लोरिडात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक आहे, चार दिवसांत जेटलॅग पूर्ण जात नाही, माझे आईबाबा पहिला आठवडाभर पहाटे ४ ला चहा करून बसलेले असायचे. दुपारी २ नंतर मात्र बसल्या जागी डोळे मिटायचे. म्हणून मी म्हणतो सकाळ पार्कात घालवा आणि १ वाजता परत या, पूल किंवा झोप, वाटलं तर संध्याकाळी पुन्हा जा, त्याच तिकिटावर त्याच पार्कात परत जाता येतं.

साजूक
सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

आम्ही माझ्या आईला घेऊन गेलो होतो. तिला विचारलं व्हीलचेअर घेऊया का, ती म्हणाली मी काय आजारी आहे का. आम्ही मान्य केलं, विषय संपला असं वाटलं. पहिल्या दिवशी ती चालली, हसत होती, सगळ्यांबरोबर फोटो काढत होती, आणि रात्री मी पाणी प्यायला उठले तर ती अंधारात बसून स्वतःचे गुडघे दाबत होती. मला म्हणाली तुमचा एवढा खर्च झालाय, माझ्यामुळे अडायला नको. पुढचे दोन दिवस ती खोलीतून बाहेर पडू शकली नाही. डिस्नेत दिवसाला १२-१५ किलोमीटर सहज चालणं होतं हे आम्ही तिला आधी सांगितलंच नव्हतं, म्हणजे तिने ठरवायचं तरी कशाच्या जोरावर.

म्हणून विचारताना व्हीलचेअर हवी का असं विचारू नका. आकडा सांगा, एवढे किलोमीटर आहे, मुलीसाठी स्ट्रोलर घेतोय तसंच तुमच्यासाठी घेतोय, वाटेल तेव्हा बसा, नको तेव्हा त्यात बॅगा ठेवू. माझ्या आईने पुढच्या वेळी या शब्दांवर लगेच हो म्हटलं. पार्काच्या दाराशी भाड्याने मिळते पण राखून ठेवता येत नाही, आधी येईल त्याला, तुम्ही सकाळी लवकर पोचणार आहात तर मिळेल. आणि आपल्यातल्या एकाने पहिल्या तासातच सांगायचं की मी दमले, जरा बसूया. मोठी माणसं स्वतःसाठी थांबत नाहीत, सुनेसाठी थांबतात.

सासऱ्यांचं इन्सुलिन, प्रत्येक पार्कात फर्स्ट एड सेंटर आहे, तिथे औषध फ्रीजमध्ये ठेवून घेतात. मॅजिक किंगडममध्ये ते मेन स्ट्रीटच्या टोकाला क्रिस्टल पॅलेसच्या शेजारी आहे, त्याला लागूनच बेबी केअर सेंटर. सगळ्यात आधी तिथे जा, मग राईड. बाहेरचं खाणं पार्कात नेता येतं, काचेची बाटली आणि दारू नाही चालत, तेव्हा त्यांच्या वेळेचं खाणं बरोबर ठेवा, रांगेच्या भरवशावर राहू नका. आणि काउंटरवर मागितलं की बर्फाचं थंड पाणी ग्लासात फुकट देतात, दर तासाला सगळ्यांना पाजा.

खारूताई
साजूक, तुमचं वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. आमच्याही घरी अगदी असंच झालं असतं. मनापासून धन्यवाद.

निळी_छत्री
मॅजिक किंगडममध्ये आजी-आजोबांना बसून मजा येईल अशा जागा: पार्काभोवती फिरणारी रेल्वे, पीपलमूव्हर (वरून संथ फिरणारी गाडी), कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस, मिकीज फिलहारमॅजिक. रांग कमी असते आणि शेवटच्या दोन्हींत एसी. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस १९६४ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरसाठी बनवलं होतं, प्रेक्षकांच्या खुर्च्याच गोल फिरतात आणि एका घरात वीज, फ्रीज, टीव्ही कसे येत गेले ते दिसतं. लोक ते जुनाट म्हणून सोडून देतात, मला फार वाईट वाटतं. ज्यांनी घरात पहिला रेडिओ आलेला बघितलाय त्यांना एकदा तिथे नेऊन बसवा.

मध्यरात्र
एक भीतीचा विषय पण लिहिणं गरजेचं आहे. आमचा मुलगा पाच वर्षांचा असताना परेड संपल्यावरच्या गर्दीत हरवला होता, अकरा मिनिटं, मी घड्याळ बघितलं होतं म्हणून माहितीय. सापडला कारण आम्ही त्याला सकाळी शिकवलं होतं की नाव लिहिलेला पांढरा बिल्ला लावलेल्या माणसाकडे जायचं आणि जागचं हलायचं नाही. तो एका दुकानातल्या बिल्लेवाल्या बाईंचा हात धरून उभा होता, आणि त्या खाली बसून त्याच्याशी बोलत होत्या.

सकाळी हॉटेलमधून निघताना मुलांचा त्या दिवसाच्या कपड्यातला एक फोटो काढा, कारण घाबरल्यावर तुम्हाला शर्टाचा रंगसुद्धा आठवत नाही. मनगटावर किंवा दंडावर पेनाने तुमचा फोन नंबर लिहा. आणि आजी-आजोबांच्या फोनमध्ये इथलं सिम आहे का बघा, तेही हरवू शकतात आणि त्यांना विचारायला संकोच वाटतो.

खारूताई
सगळ्यांचं वाचून नवीन प्लॅन केला, नवऱ्याने जुनं एक्सेल स्वतःच बाजूला ठेवलं. शनिवार पूल आणि स्कायलायनर, रविवारी मॅजिक किंगडम सकाळी. रविवारसाठी फक्त चार गोष्टी लिहिल्यात, प्रत्येकाच्या आवडीची एक आणि दोघा आजी-आजोबांची मिळून एक, म्हणजे पाच झाल्या. बाकी जे होईल ते. आल्यावर लिहिते.

(तीन आठवड्यांनंतर)

खारूताई
आलो!! लिहायला उशीर झाला, सासू-सासरे इथेच आहेत ना.

शनिवारी एअरलाइनने एक बॅग मागेच ठेवली, विमानतळावर तासभर गेला, हॉटेलला पोचायला २ वाजले. पार्कचा प्लॅन असता तर त्या तासाने घरात भांडणच झालं असतं. पोहायचे कपडे हातात होते (गोगलगाय, तुम्हाला किती धन्यवाद देऊ), अडीचला मुलं पाण्यात होती. सासूबाई काठावर पाय सोडून बसल्या, आणि मग म्हणाल्या जरा आत उतरू का, आणि कंबरेपर्यंत पाण्यात तासभर चालत होत्या, गुडघ्यांना बरं वाटतंय म्हणाल्या. लग्नाला दहा वर्षं झाली, मी त्यांना पाण्यात उतरलेलं पहिल्यांदा बघितलं. साडेचारला आभाळ भरून आलं, पूल बंद केला, पाऊण तास धो धो पाऊस, सगळे खोलीत झोपले. साडेसहाला स्वच्छ. स्कायलायनरने बोर्डवॉक. नऊला मुलं गाढ झोपलेली.

रविवारी सासरे पहाटे साडेचारला उठून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. ७:२० ची बस, ८ ला दाराशी. सिटी हॉलमध्ये पहिल्या भेटीचा बिल्ला फुकट देतात ते मोरपीसने मला वेगळं कळवलं होतं, सहाही जणांनी लावला, दिवसभर तिथली माणसं सासूबाईंना वेलकम वेलकम म्हणत होती आणि त्या प्रत्येकाला नमस्कार करत होत्या. व्हीलचेअर घेतली, साजूकच्या शब्दांत सांगितलं, आधी बॅगा ठेवल्या, साडेदहाला त्या स्वतःहून बसल्या.

पण मला रेल्वेबद्दल लिहायचंय. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेत, पस्तीस वर्षं. मला वाटलं खेळण्यातली गाडी असेल. ते फलाटावर इंजिनासमोर गेले आणि थांबले, म्हणाले हे खरं आहे, हे वाफेचं आहे. तिथल्या इंजिन ड्रायव्हरला त्यांच्या इंग्रजीत विचारायला लागले, तर कळलं की ती चारही इंजिनं फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यातली, १९१६ ते १९२८ मध्ये बनलेली, मेक्सिकोत युकाटानला खरीखुरी गाडी ओढायची आणि डिस्नेने ती १९६९ मध्ये विकत घेतली. सासरे आणि तो ड्रायव्हर दहा मिनिटं बोलत होते, दोघांची भाषा धड जुळत नव्हती आणि दोघांना सगळं कळत होतं. आम्ही तीन गाड्या सोडल्या. जुन्या एक्सेलमध्ये रेल्वे नव्हतीच. आणि असती तरी वीस मिनिटांची असती आणि आम्ही त्यांना ओढून पुढे नेलं असतं.

मुलाचं स्पेस माउंटन दोनदा झालं. लेकीला माइन ट्रेन नाही मिळाली पण बार्नस्टॉर्मर तीनदा केली. चुकलं एकच, १ ला निघायचं ठरलं होतं आणि मीच म्हटलं अजून एक राईड, ती एक पावणेदोनपर्यंत लांबली, लेक रडून रडून लाल झाली, बसमध्ये झोपली. माझी चूक, पुढचे तीन दिवस ठरलेल्या वेळेला म्हणजे वेळेला निघालो.

आतषबाजी पहिल्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी बघितली, दुपारी सगळे तीन तास झोपून मग. नवरा किल्ल्याकडे न बघता मुलांकडेच बघत होता.

साजूक
आजी पाण्यात उतरल्या हे वाचून माझा दिवस चांगला गेला.

रानवाटा
फार छान झालं. आणि १ ला निघायचं म्हणजे १ ला, हे मीही दुसऱ्या ट्रिपला शिकलो.

हिरवा_डबा
धागा उशिरा सापडला, आम्ही ऑक्टोबरमध्ये जातोय, दोन वर्षांची जुळी आहेत. एकच विचारते, दुहेरी स्ट्रोलर बस आणि स्कायलायनर मध्ये चालतो का?

खारूताई
बसमध्ये बहुतेक वेळा घडी घालायला सांगतात, झोपलेल्या मुलांना उचलून घडी घालणं हे दोघांचं काम आहे, एकटीने जाऊ नका. स्कायलायनर, मोनोरेल आणि फेरीबोटीत उघडाच नेता येतो. आणि विकत किंवा भाड्याने घ्यायच्या आधी माप बघा, ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब याच्यावर असेल तर पार्कात घेत नाहीत, वॅगनसारखे ओढायचे तर अजिबातच नाही. आमच्या शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाला दारातूनच परत जावं लागलं होतं. जुळी झोपतात कधी दुपारी? ते सांगा, मग पहिल्या दिवसाचं बघू.